बत्तिसातून पंधरा

शाळेत त्यांना सगळे चोख बाई म्हणत. नाव मुख्याध्यापकांनी ठेवलं होतं, आणि कौतुकानं ठेवलं होतं. दुसरीच्या वर्गाला त्या गणित शिकवत. त्यांच्या वर्गातले पाढे एकाच गळ्यातून निघाल्यासारखे निघत, कुठे अडखळणं नाही. पोरांच्या वह्यांतल्या वजाबाक्या छापल्यासारख्या, अंकाखाली अंक. बाईंनी गणिताचं पुस्तक हातात घेतलं की वर्ग असा चिडीचूप होई की व्हरांड्यातून जाणारे मुख्याध्यापक दारात थांबत आणि सोबत जो कुणी असेल त्याला म्हणत, याला म्हणतात वर्ग.

ही सगळी झाकली मूठ आहे, हे एकट्या बाईंना माहीत होतं. गणित त्यांना येत नव्हतं असं नाही. वरच्या दोनातून खालचे पाच जात नाहीत, मग शेजारच्या तिनाकडून एक हातचा घ्यायचा, तिनाचे होतात दोन आणि दोनाचे बारा, हे त्यांनी झोपेतसुद्धा बिनचूक सांगितलं असतं. पण शेजाऱ्याकडून घेतला एक, आणि इकडे येईपर्यंत त्याचे दहा कसे झाले, हे त्यांना कधीच उमगलं नव्हतं.

लहानपणी एकदा त्यांनी ते वडिलांना विचारलं होतं. वडील, म्हणजे अण्णा, एका गोदामात हिशेबनीस होते. संध्याकाळी घरी आले की लेकीला समोर बसवून गणितं घालायचे. मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. उत्तर चुकलं की नुसतं पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर टकटक वाजवत राहायचे, बरोबर उत्तर येईपर्यंत. का, असं विचारल्यावरही त्यांनी तेच केलं. त्यानंतर बाईंनी कुणालाच का विचारलं नाही. जे सांगितलं ते घोकलं, घोकलं ते परीक्षेत उतरवलं, पुढे तेच फळ्यावर लिहिलं, आणि बघता बघता त्या गणितात पक्क्या म्हणून नावाजल्या गेल्या. नाव वाढत गेलं तशी आतली भीतीही वाढत गेली. फळ्याकडे तोंड करून लिहिताना कधी कधी त्यांच्या मानेवर काटा येई. वाटे, आत्ता मागून एखादं पोर विचारेल. पण पोरं कधी विचारत नसत.

आणि मग प्रशिक्षण आलं. पहिली-दुसरीला गणित शिकवणाऱ्या प्रत्येकानं जायचं, दांडी चालणार नाही. शिवाय प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाला समोर बसवून एक गणित घालायचं, त्याचं चित्रीकरण होणार आणि ते सगळ्यांना दाखवलं जाणार. स्टाफरूममध्ये हे कळलं तेव्हा बाकीच्यांनी कुरकुर केली, कुणी म्हणालं, आता या वयात आम्हाला बेरीज शिकवणार वाटतं, आणि सगळे हसले. मुख्याध्यापक चोख बाईंकडे बघून म्हणाले, आपल्याला कसली काळजी, आपल्याकडे हुकमाचा एक्का आहे. बाई हसल्या. चहाचा कप बशीत ठेवताना तो वाजला, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

प्रशिक्षणाची खोली एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ते बघूनच बाईंचं अर्धं अवसान गळालं, कारण गोलाला मागची रांग नसते. शिकवणाऱ्या मॅडम मध्यमवयाच्या होत्या, आखूड केसांच्या, हळू बोलणाऱ्या. बाईंना वाटलं, ओरडणारी बाई परवडली. ओरडणाऱ्या माणसाला आपलं बोलायचं असतं, हळू बोलणाऱ्याला ऐकायचं असतं.

मॅडमनी प्रत्येकापुढे काड्यांचे जुडगे ठेवले. दहादहा काड्या रबरबँडनं बांधलेल्या, आणि काही सुट्या. म्हणाल्या, बावन्नातून अडतीस काढा, पण लिहायचं नाही. काड्यांनी करा, आणि हातचा घेताना नेमकं काय होतं ते बोलून दाखवा. मग एकेक जण बोलू लागला. कुणी सफाईनं सांगितलं, कुणी काड्या सांडल्या, कुणाची गाडी हातच्याशी येऊन थांबली आणि मॅडम 'बरं, मग?' एवढंच म्हणत थांबून राहिल्या. तो 'मग' गोलातून एकेक खुर्ची पुढे सरकत बाईंच्या दिशेनं येत होता. शेजारी त्यांच्याच शाळेतल्या पहिलीच्या धाकट्या बाई होत्या. धाकट्या बाईंच्या आधीच्याचं बोलणं सुरू झालं तेव्हा बाईंच्या पाचावर धारण बसली. पाणी पिऊन येते, असं पुटपुटत त्या उठल्या आणि तडक स्वच्छतागृहात गेल्या.

तिथे नळ सोडून त्या उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मध्येच हशा पिकला, आणि तो आपल्यावरच, अशी त्यांची खात्री झाली. एवढी केस पिकलेली बाई, आणि गणिताला घाबरून संडासात लपते. शाळकरी पोरीसारखी. नाही, शाळकरी असताना तरी लपायला जागा कुठे होती.

दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मधली सुट्टी झाली होती. त्यांनी शेजारच्या नळावर हात धुतले आणि सहज म्हणाल्या, "चित्रीकरणाची सुरुवात तुमच्या शाळेपासून करते. उद्या येते. तुमच्या मुख्याध्यापकांनी तुमच्याबद्दल फार सांगितलंय."

बाईंनी मान हलवली. नळ तसाच वाहत होता.

संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात त्यांनी दार लोटून घेतलं. नवऱ्याची दुपारची पाळी होती, तो यायला वेळ होता. अण्णा बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. आई गेल्यापासून ते लेकीकडेच राहायला आले होते. बाईंनी ओट्यावर काडेपेटी उपडी केली, काड्यांच्या दहादहाच्या मोळ्या दोऱ्यानं बांधल्या. तीन मोळ्या आणि दोन सुट्या, झाले बत्तीस. त्यातून पंधरा काढायचे. एक मोळी बाजूला ठेवली. आता पाच हवेत आणि सुट्या दोनच. त्यांनी दुसऱ्या मोळीचा दोरा चिमटीत धरला. तो सुटला की काहीतरी दिसणार आहे, असं त्यांना आत कुठेतरी जाणवलं. तेवढ्यात बाहेर चपला घासल्याचा आवाज आला, आणि काय करतोय ते कळायच्या आत त्यांनी सगळ्या काड्या हाताच्या एका फटक्यात चमच्यांच्या खणात लोटल्या.

"काय मोजत होतीस?" अण्णांनी दारातून विचारलं.

"काही नाही अण्णा. काडेपेटी सांडली."

अण्णा जरा वेळ ओट्याकडे बघत राहिले. काड्या ओल्या झाल्या की पेटत नाहीत, म्हणाले, आणि पाणी पिऊन गेले. बाईंचे कान तापले होते. खणातल्या काड्या त्यांनी नंतर गोळा केल्या, पण मोळी सोडून बघायचा धीर पुन्हा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. बाईंनी मनाशी पहिल्या बाकावरचा मुलगा ठरवला होता, प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकणारा. पण मॅडम म्हणाल्या, जे मूल फारसं बोलत नाही ते द्या. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. वर्गात एक मुलगी होती, तिला पोरं मुंगी म्हणत. अंगानं चिमुकली, भिंतीच्या कडेकडेनं चालणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला हाक मारताच ती उभी राहिली आणि बाकाचा कोपरा घट्ट धरून ठेवला.

वाचनालयाच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला बाई, समोर मुंगी, मध्ये दहाच्या पट्ट्या आणि सुटे ठोकळे. मॅडम कोपऱ्यात कॅमेऱ्यामागे. बाईंनी चेहऱ्यावर हसू आणलं आणि विचारलं, बत्तिसातून पंधरा गेले, किती राहिले? मुंगीचे हात टेबलाखाली होते. ती अगदी बारीक आवाजात बोलू लागली.

"तिसातून दहा गेले, वीस. दोनातून पाच... तीन कमी पडतात." ती थांबली. "सतरा."

बाईंच्या छातीत धस्स झालं. तीन कमी पडतात? असं कुठे असतं? उत्तर सतराच होतं, पण हा रस्ता त्यांनी कधी पाहिला नव्हता. हा खरा की खोटा, आणि मॅडमनी आत्ता इथेच विचारलं, हे कसं काय हो बाई, तर?

"नक्की?" त्या म्हणाल्या.

मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं. ओठ आत ओढले. "तेवीस," ती म्हणाली.

तेवीस ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला. ही चूक त्यांच्या ओळखीची होती. वरच्या दोनातून पाच जात नाहीत म्हणून पाचातूनच दोन काढणारी पोरं दरवर्षी भेटत. आता कसं बोलायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी कागदावर उभी मांडणी केली, हातचा घेतला, सतरा आणून दाखवले, आणि मुंगी प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिली. मॅडमनी आभार मानून कॅमेरा बंद केला. त्या दुपारी बाईंना किती दिवसांनी चांगली भूक लागली. मुख्याध्यापकांनी विचारलं, कसं झालं, तर त्या म्हणाल्या, छान झालं.

चित्रीकरण बघायला सगळे पुन्हा त्याच गोलात जमले. भिंतीवर पांढरा पडदा होता. मॅडम म्हणाल्या, आधी आवाज बंद ठेवून बघू. मुलगी कुठे बघते आहे, तेवढंच फक्त बघा.

पडद्यावर मुंगी आली, आहे त्याहून मोठी. बाईंना आधी स्वतःचाच चेहरा दिसला आणि त्यांनी मान खाली घातली. मग नाइलाजानं वर पाहिलं. मुंगी ठोकळ्यांकडे बघत नव्हती. एकदाही नाही. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, कपाळाकडे, ओठांकडे, अनोळखी कुत्र्याकडे बघावं तशी, हलतंय का काही, आता काय होईल. खांदे कानांपर्यंत चढलेले. ओठ हलले, काहीतरी बोलली. आणि त्या क्षणी समोरच्या बाईच्या कपाळावर आठी पडली, नाकपुड्या फुलल्या, मान किंचित पुढे आली. मुंगी खुर्चीत मागे सरकली. पुन्हा ओठ हलले. समोरच्या बाईचा चेहरा सैल झाला, हसला. मुंगीचे खांदे खाली आले.

मग मॅडमनी आवाज लावून तेच पुन्हा दाखवलं. संपल्यावर कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, पण सतरा तर ती आधीच म्हणाली होती.

आता सगळे आपल्यावर तुटून पडतील म्हणून बाई अंग चोरून बसल्या. मॅडमनी कुणाची चूक काढली नाही. त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, तिनं सतरा कसे काढले असतील, तुम्हाला काय वाटतं?

खोटं बोलायचे सगळे रस्ते बाईंना दिसत होते. घसा बसलाय म्हणता आलं असतं. तुम्हीच सांगा ना मॅडम, असं हसत म्हणता आलं असतं. पण पडद्यावर मुंगीचं तोंड तसंच गोठलेलं होतं, अर्धं उघडं, आणि त्यांना त्याखाली बसून खोटं बोलवेना.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हातचा का घेतात तेही माहीत नाही. कधीच नव्हतं."

त्यांनी पर्स मांडीवर घेतली. आयुष्यभर ज्या वाक्याला त्या भीत आल्या होत्या ते तोंडातून गेलं होतं. कुणी हसलं नाही. शेजारच्या धाकट्या बाईंनी आपल्या काड्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

"तेव्हा तुम्हाला राग आला होता का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. मी घाबरले होते."

"आणि मुलीला काय दिसलं असेल?"

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

मग सगळ्यांनी काड्या घेऊन मुंगीच्या वाटेनं जाऊन पाहिलं. दहाचा एक जुडगा दिला, दोन जुडगे राहिले. अजून पाच काड्या द्यायच्यात, जवळ सुट्या दोन, त्या देऊन टाकल्या, तीन द्यायच्या राहिल्या. त्या विसातून दिल्या. उरल्या सतरा. एवढंच. धाकट्या बाईंनी रबरबँड सोडलं आणि जुडग्यातल्या दहा काड्या पसरल्या. शेजाऱ्याकडून येणारा एक हा मुळातच दहा होता, नुसता बांधलेला होता. बाईंना ते कळलं, लख्ख कळलं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्यांच्या अंगावर शहारा आला. इतकी वर्षं वर्गातून पोरं गेली. त्यांच्यातल्या किती जणांनी तोंडातले सतरा गिळून तेवीस सांगितले असतील? ती कुठे असतील आता, आणि गणिताचं नाव काढलं की त्यांच्या पोटात काय होत असेल? हे काही कधी कळण्यासारखं नव्हतं, आणि तीच या नव्या भीतीची धार होती. आजवर त्या दुसऱ्यांना भीत होत्या. आता त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती.

घरी आल्यावर त्या अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. अण्णा पेपर वाचत होते. काय गं, म्हणाले, बरं नाही का?

"अण्णा, मी लहानपणी तुमच्यासमोर गणित करायला बसायचे, तेव्हा कशी दिसायचे?"

अण्णांनी चष्मा वर केला, आठवून पाहिलं. टाळाटाळ म्हणून नव्हे, खरंच आठवून पाहिलं.

"कशी दिसायचीस ते काय सांगू," ते म्हणाले. "मी वहीकडे बघायचो."

बाई उठून आत गेल्या. रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत पहिल्याच तासाला त्यांनी सवयीनं पुस्तक उचललं आणि वर्ग गप्प झाला. ज्या शांततेवर त्या जगत आल्या होत्या ती त्यांनी आज प्रथमच ऐकली. कुणीतरी श्वास रोखून धरला होता. कुणाची पेन्सिल पडली, आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. पुस्तक परत टेबलावर ठेवताना आपलाच हात त्यांना परका वाटला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुंगीला थांबवून घेतलं. या वेळी समोर न बसता तिच्या शेजारी बाकावर बसल्या, म्हणजे चेहरा तिच्या डोळ्यांपुढे राहायला नको. म्हणाल्या, त्या दिवशी तू सतरा म्हणालीस, ते फार छान काढले होतेस, मला सांगशील कसे?

"सतरा नाही बाई, तेवीस," मुंगी घाईनं म्हणाली. "मी सतरा नाही म्हटलं."

यापुढे काय करायचं ते कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. बाईंनी समजावून पाहिलं, तसा मुंगीचा आवाज आणखी बारीक झाला. शेवटी त्या बोलायच्या थांबल्या आणि स्वतःच ठोकळे मोजू लागल्या. मोजता मोजता एक निसटला. मुंगी पुटपुटली, बाई, एक राहिला. बाईंचे कान एकदम तापले, जुन्या सवयीनं मान झटकन वळली, आणि मुंगी पापणी लवायच्या आत बाकाच्या टोकाला जाऊन पोहोचली. एवढासाच क्षण होता, पण तो घडला होता. बाईंनी ठोकळा उचलून तिच्यापुढे ठेवला. हो, राहिला होता, त्या म्हणाल्या, पुढचे तू मोज. मुंगीनं मोजले नाहीत. घंटा झाली.

त्यानंतरचे दिवस काही सोपे गेले नाहीत. उत्तर आलं की बरोबर-चूक म्हणायच्या आधी, कसं काढलंस, असं त्या प्रत्येकाला विचारू लागल्या. पोरांना आधी वाटलं, कसं विचारलं म्हणजे चुकलंच, आणि ती पटापट उत्तरं बदलू लागली. हळूहळू धिटाई आली, तसा वर्गाचा पार बाजार झाला. चाचणीचे गुण घसरले. मुख्याध्यापक दारात थांबेनासे झाले. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, प्रशिक्षण मानवलेलं दिसत नाही. बाई हे ऐकत आणि चहा संपवून वर्गात जात. कमावलेलं नाव डोळ्यांदेखत चाललं होतं. आणि आपण करतोय ते बरोबरच आहे, असं छातीठोकपणे सांगायला त्या अजूनही तयार नव्हत्या.

मग एके दिवशी मुख्याध्यापक आत आले. खडू घेऊन त्यांनी फळ्यावर त्रेचाळीस उणे सव्वीस असं लिहिलं आणि वर्गाकडे बघून बोट दाखवलं. ते बोट नेमकं मुंगीकडे गेलं. ती उभी राहिली. चाळिसातून वीस गेले, वीस, एवढं म्हणून तिनं दम घेतला.

"असं डावीकडून नाही करायचं," मुख्याध्यापक म्हणाले. "उजवीकडून. हो ना बाई?"

सगळा वर्ग बाईंकडे बघू लागला. मुंगीसुद्धा. तेच डोळे, तेच कपाळावर रोखलेले. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मान हलवली असती तरी.

"सर, तिला पूर्ण सांगू द्या," त्या म्हणाल्या. "बरोबर चाललंय तिचं."

आवाज कापला, तो सगळ्यांनी ऐकला. मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या आणि खडू हातात धरून वाट पाहिली. वर्गानंही वाट पाहिली. मुंगीच्या तोंडून पुढचा शब्द फुटला नाही. बाकाचा कोपरा धरून ती उभी राहिली, डोळे भरून आले. मुख्याध्यापकांनी खडू खाली ठेवला, बरं, बोलू आपण ऑफिसात, म्हणाले, आणि निघून गेले.

बाई खुर्चीत बसल्या. ऑफिसात काय काय ऐकावं लागेल ते त्यांना दिसत होतं. एवढं करून पोरगी बोललीच नाही. वर्गात कुजबूज सुरू झाली होती, तिला गप्प करायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

थोड्या वेळानं कुणीतरी बाही ओढली. मुंगी भिंतीच्या कडेनं येऊन खुर्चीला खेटून उभी होती.

"तिनातून सहा," ती कानाशी म्हणाली, "तीन कमी पडतात. ते विसातले घ्यायचे."

"मग?" बाईंनी विचारलं. आणि फळ्याकडे, मुलांकडे, दाराकडे कुठेच न बघता, छाती धडधडत असतानाच, त्या तिच्याकडे वळून थांबून राहिल्या.